सोलापूरच्या बिल्डर, ठेकेदार आणि प्रकल्प व्यवस्थापकांना खुले पत्र : ॲपमध्ये 'थांबा'चं बटण कुठे आहे?

प्रति,
सोलापूर शहर व परिसरातील बांधकाम व्यावसायिक, ठेकेदार आणि प्रकल्प व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या साईटवरची सोमवारची बैठक बंद झाली. त्याचं पत्र वगैरे काही निघालं नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक ओळ आली : 'उद्यापासून सोमवारच्या मीटिंगची गरज नाही, सगळं डॅशबोर्डवर दिसतं.' डॅशबोर्ड म्हणजे साईटवर बसवलेल्या एआय सॉफ्टवेअरचा पडदा, कामाचा सगळा हिशोब त्यावर दिसतो. खाली बाराजणांनी अंगठे टाकले. त्यातला एक माझा. साईटवरचे बिगारीसुद्धा कागदावर अंगठा उठवण्याआधी 'ह्यात काय लिवलंय' म्हणून विचारतात. मी तेवढंही विचारलं नाही. म्हणून आता हे पत्र.

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. २२ वर्षं याच शहरात साईटवर काढली. वडील गिरणीत साचेवाले होते, भोंगा झाला की आमचं घर जागं व्हायचं. गिरण्या बंद पडल्या तशी गल्लीतली बरीच माणसं बांधकामाकडे वळली. कोणी गवंड्याच्या हाताखाली गेलं, कोणी सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंच्या कामाला, बायकांनी घमेली उचलली. त्यामुळे तुमच्या एक्सेल शीटमध्ये ज्यांना 'मॅनपॉवर' म्हणतात, ते मला काका, अण्णा, अक्का म्हणून आधी भेटले आणि मजूर म्हणून नंतर. पोटाचा प्रश्न आहे, म्हणून माझं नाव लिहीत नाही. कंपनीचंही लिहीत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. आमच्याकडे ज्यांनी हे सॉफ्टवेअर बसवलं, ते तुमच्याकडेही लॅपटॉप घेऊन येऊन गेले असतील.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, एआयला माझा विरोध नाही. एकेकाळी सळईचं शेड्यूल, म्हणजे कुठे किती सळई लागणार त्याची यादी, काढायला मी रात्र रात्र जागायचो. आता ड्रॉइंग टाकलं की अर्ध्या तासात पहिला खर्डा हातात येतो आणि मला फक्त तपासावं लागतं. फेब्रुवारीत एकदा प्लंबरच्या पोरांनी पाईप न्यायला लिफ्टच्या खड्ड्यासमोरची फळी काढली आणि तशीच बाजूला ठेवली. वरचा मजला, खाली सरळ तळ. कॅमेऱ्याने ते पाहिलं, सुपरवायझरचा फोन वाजला, दहा मिनिटांत फळी जागेवर. मी तिथून त्या दिवशी दोनदा गेलो होतो, माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या कॅमेऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले. आणि मोठं काम वहीवर चालत नाही हेही कळतं. सोलापूरजवळच्या कुंभारीत रे नगरची ३०,००० घरांची योजना उभी राहिली, त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. विडी कामगार, असंघटित मजूर यांची घरं ती. एवढ्या पसाऱ्याचा हिशोब कोणी बोटांवर करायला सांगत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती एका स्लॅबपासून सुरू होते.

एप्रिलचा दुसरा आठवडा. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब सकाळी सहाला भरायला घ्यायचा ठरला होता. माल यायलाच दहा वाजले आणि शेवटची गाडी रिकामी झाली तेव्हा दुपारचे दोन होऊन गेले होते. एप्रिलातलं सोलापूर तुम्हाला मी काय सांगावं! दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओलं राहावं म्हणून स्लॅबवर वाफे बांधून पाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, साईटची बोअर मार्चमध्येच आटलेली. टँकर नाही म्हणजे पाणी नाही, इतका सरळ हिशोब. पाचव्या दिवशी टँकर आला तोवर वाफे भाजलेल्या पापडासारखे झाले होते.

सातव्या दिवशी संध्याकाळी सिस्टमने 'रिकव्हरी प्लॅन' दिला. काम नऊ दिवस मागे आहे, उद्या या स्लॅबखालचे जॅक, म्हणजे टेकू, काढून तेच सेंट्रिंग वर चढवा, सहा दिवस भरून निघतील. आधार कशाचा? सात दिवसांच्या क्यूबच्या निकालाचा. निकाल पास, म्हणून खूण हिरवी.

आता हे क्यूब म्हणजे काय, ते साईटवरच्या माणसाला माहीत असतं. स्लॅब भरताना त्याच मालाचे १५० मिलीमीटरचे ठोकळे भरतात आणि दुसऱ्या दिवशी लॅबच्या टाकीत टाकतात. टाकीतलं पाणी २७ अंशांच्या आसपास. ठोकळा सात दिवस त्या गार पाण्यात बुडून असतो. स्लॅब बिचारा वर उन्हात, त्यात दोन दिवस कोरडा. ठोकळा पास झाला याचा अर्थ आलेला माल चांगला होता, एवढाच. त्याचं पुढे आम्ही काय केलं, ते ठोकळ्याला कसं कळणार? शिवाय काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्यात स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) सात दिवस आणि त्यापुढच्या गाळ्याला १४ दिवस ठेवायला सांगितलंय. तेही साध्या ओपीसी सिमेंटला धरून, आणि आम्ही वापरतो पीपीसी, जे आणखी सावकाश घट्ट होतं. उष्ण-कोरड्या हवेत पाणी किमान दहा दिवस मारा, हेही त्याच पुस्तकात आहे. आमच्या हॉलचा गाळा पाच मीटर वीसचा. सिस्टममध्ये कोणीतरी बेडरूमचा गाळा धरून सगळीकडे 'सात' भरून ठेवलं होतं.

सेंट्रिंगचे मिस्त्री, त्यांना सगळी साईट मामा म्हणते, सकाळी वर गेले. खिशातला खिळा काढला, स्लॅबवर ओरखडा ओढला आणि बोट माझ्यासमोर धरलं. बोटावर पांढरी भुकटी.

"साहेब, ह्यो प्यालाच न्हाई. तहानलेला हाय. मी आत्ता हात लावनार न्हाई."

मामांच्या फोनवर ते काम दिसत होतं. खाली दोन बटणं : 'सुरू' आणि 'पूर्ण'. मामांना जे म्हणायचं होतं, त्यासाठी तिसरं बटणच नव्हतं. त्यांनी काम सुरू केलं नाही, म्हणून दर दोन तासांनी लाल खूण. तिसऱ्या लाल खुणेनंतर मेल कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला गेला आणि पुण्याहून मला फोन. "सिस्टम ग्रीन दाखवतंय. तुझ्या मिस्त्रीला काय कळतं?" मी म्हणालो, "बघतो सर." मामांना काय कळतं, हे सांगायला माझ्याकडे २२ वर्षांची उदाहरणं होती. मी त्यातलं एकही सांगितलं नाही.

एवढं मात्र केलं, की ओळखीच्या लॅबमधून रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीट किती कडक झालंय ते ठोकून मोजायचं यंत्र, आणला आणि स्लॅबवर ठिकठिकाणी ठोकून पाहिला. मधल्या भागातले आकडे कमी आले. ते कागद पाठवल्यावर पुण्याचा आवाज खाली आला. जॅक एकविसाव्या दिवसापर्यंत ठेवले, गोणपाट अंथरून पाणी मारत राहिलो, स्लॅब सावरला. काही पडलं नाही, कोणी मेलं नाही, त्यामुळे पेपरात काही आलं नाही.

महिनाअखेरीस टोळ्यांचे गुण लागले. मामांची टोळी तळाला. थांबलेले दिवस सिस्टमने त्यांच्या नावावर 'विलंब' म्हणून चढवले होते. पुढच्या महिन्याचं काम त्यांना मिळालं नाही. जाताना मामांनी हातोडा, करवत, ओळंबा पिशवीत भरला आणि मला म्हणाले, "दोन दिवसांची हजेरी राहिलीय आमची, तेवढं बघा." ते एवढंच बोलले.

मशीनला मी दोष देत नाही. त्याला जे विचारलं, त्याचं उत्तर त्याने दिलं. दोनच बटणं ठेवायचं मात्र कोणीतरी माणसाने ठरवलं. टँकर आला की नाही, हे कुठे भरायचीच सोय नको, हेही माणसानेच ठरवलं. 'विलंब' कोणाच्या खात्यावर टाकायचा, तेही. हे सगळे निर्णय एसीत बसून झाले आणि त्या खोलीत सेंट्रिंगचा माणूस नव्हता.

दुसरी तक्रार कॅमेऱ्याची, पण लिफ्टच्या खड्ड्याकडे बघतो त्या कॅमेऱ्याची नाही. गेटजवळच्या कडुनिंबाकडे तोंड केलेला जो आहे, त्याची. मेमधली दुपार, एक वाजायला आलेला. ऑफिसातल्या पडद्यावर मी आणि आमचे साहेब. कडुनिंबाखाली कर्नाटकातल्या इंडीकडची एक अक्का बसलेली, फांदीला झोळी, झोळीत नऊ महिन्यांचं पोर. ती एका हाताने झोळी हलवतेय, दुसऱ्या हातात भाकरी. पडद्यावर तिच्याभोवती पिवळी चौकट आणि चौकटीवर अक्षरं : 'आयडल, ०:४७', म्हणजे ४७ मिनिटं रिकामी. साहेबांनी विचारलं, "ही कोण?" मला तिचं नाव माहीत होतं. पण तो प्रश्न नावाचा नव्हता.

त्या शनिवारी चार बायकांच्या पगारातून अर्धा-अर्धा दिवस कापला गेला. त्या सकाळी सातला येतात, दुपारी बारा ते तीन सावलीत बसतात आणि सूर्य कलल्यावर सातपर्यंत काम करतात. सोलापुरात उन्हाळ्यात कामाची हीच रीत आहे आणि ती कोणा आळशी माणसाने पाडलेली नाही. मे महिन्यात भर दुपारी दोनला उघड्यावर घमेलं उचलायला लावलं, तर चौकटीत 'आयडल' येणार नाही, रुग्णवाहिका येईल. पाळणाघराचं म्हणाल, तर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ते पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथेच बंधनकारक केलं. आमच्याकडे चौदा. कायद्याच्या हिशोबात झोळी बसत नाही, कॅमेऱ्याच्या हिशोबात मात्र बसली.

हेल्मेटचंही तसंच. कॅमेरा डोकं बघतो, हेल्मेट नसेल तर लाल चौकट, तीन चौकटींना दंड. नियम चांगला आहे, मी स्वतः पोरांना त्यावरून शिव्या घालतो. पण दंडाची यादी काढली तर त्यात जवळजवळ सगळ्या बायका. का, हे आठवडाभर कोणी विचारलं नाही. शेवटी एका बाईनेच दाखवलं. घमेलं डोक्यावर घ्यायचं तर चुंबळ लागते, चुंबळीखाली हेल्मेट कसं घालणार आणि हेल्मेटवर चुंबळ कशी राहणार? म्हणजे कॅमेऱ्याने दाखवून दिलं की डोक्यावरून ओझं वाहणारी माणसं विनाहेल्मेट काम करताहेत. मला विचाराल तर ही फार मोलाची माहिती होती. तिच्यावरून एक छोटी लिफ्ट भाड्याने आणायला हवी होती, म्हणजे घमेलंही वर गेलं असतं आणि हेल्मेटही डोक्यावर राहिलं असतं. आपण दंडाची पावती फाडली.

हजेरीवर थोडक्यात. चेहरा दाखवून हजेरी, चेहरा जुळला नाही तर खाडा. पहाटेचा अंधुक उजेड, तोंडावर पदर किंवा उपरणं, भुवयांवर कालचं सिमेंट. मशीन ओळखत नाही. रांगेत अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास मजुराच्या खात्यावर. २०२३ मध्ये देशाने वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला. आमच्याकडे चेहरे नोंदवताना ते कशासाठी, कुठे ठेवणार, किती दिवस, यातलं एक अक्षर कोणाला सांगितलं गेलं नाही.

आणि याच हजेरीतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं, तर वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. त्या नोंदणीवर मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणाची मदत, असं बरंच काही अवलंबून असतं. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आपण भरतो तो याच लोकांसाठी. पण दाखला मागायला मजूर ऑफिसात आला, की 'रजिस्टर सापडत नाही', 'तू आमच्याकडे नाहीस, ठेकेदाराकडे आहेस', 'पुढच्या आठवड्यात ये'. अहो, ज्या मशीनने त्याचा मंगळवारचा अर्धा दिवस मिनिटासकट कापला, त्याच मशीनमध्ये त्याचे ९० दिवस पडलेले आहेत. एक बटण दाबायचं आहे. पैसे कापायला जो पुरावा चालतो, तो द्यायला का चालत नाही?

आता माझ्या स्वतःच्या पापाकडे येतो. हे सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा त्याला मागच्या पाच वर्षांचे आमचे रोजचे अहवाल खाऊ घातले. ते अहवाल मी लिहिले होते. संध्याकाळी सात वाजता, थकून, चहा पीत. काम का झालं नाही याच्या रकान्यात पाच पर्याय होते आणि मी डोळे झाकून 'मजूर कमी' निवडत असे. खरं कारण कधी ड्रॉइंग उशिरा आलं हे असे, कधी बिल अडकल्यामुळे ठेकेदाराने टोळी दुसरीकडे हलवली हे असे, कधी टँकर. पण ड्रॉइंग लिहिलं तर आर्किटेक्टशी वाईटपणा, बिल लिहिलं तर मालकाशी. मजूर काही वाचायला येत नव्हता. पाच वर्षांच्या माझ्या त्या लबाडीतून मशीन एकच गोष्ट शिकलं : सोलापूरचा मजूर कामावर येत नाही. आता ते प्रत्येक आराखड्यात मजुरावर आणखी नजर ठेवायला सुचवतं आणि वरचे लोक म्हणतात, बघा, डेटाच सांगतोय. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

जानेवारीत तर गंमतच झाली. संक्रांतीच्या आठवड्यात सिस्टमने 'अनपेक्षित गैरहजेरी' म्हणून धोक्याचा इशारा दिला. अनपेक्षित! सिद्धरामेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, गड्ड्याची जत्रा. त्या दिवसांत सोलापूरचा माणूस स्लॅबवर असणार की मिरवणुकीत? आमचे मुकादम अण्णा दिवाळीतच सांगायचे, "संक्रांतीला चार दिवस धरू नका, फेब्रुवारीत ज्वारीच्या काढणीला मंगळवेढ्याकडची पोरं जातील, तेव्हा गिलाव्याचं काम आतलं ठेवा, थोड्या माणसांत होईल." हे त्यांच्या डोक्यात होतं. ते सांगायची जागा सोमवारची बैठक होती आणि तीच आपण बंद केली.

त्या बैठकीत काय व्हायचं, हे न पाहिलेल्यांसाठी लिहितो. सकाळी साडेसात, पत्र्याची शेड, किटलीतला चहा. भिंतीवर पुठ्ठा, त्यावर आठवड्याचे सहा रकाने. प्रत्येक टोळीचा प्रमुख या आठवड्यात काय करणार ते स्वतःच्या तोंडाने सांगायचा. सेंट्रिंगवाले म्हणायचे, बुधवारी मोकळं करून देतो. लगेच वायरिंगवाला म्हणायचा, बुधवारी नको, माझे पाईप गुरुवारी येतात. दोघं भांडायचे, मराठी-कानडी-तेलुगूची खिचडी व्हायची, शेवटी एक दिवस ठरायचा. पुढच्या सोमवारी शब्द पाळला की नाही, सगळ्यांसमोर. नसेल पाळला तर का. शिक्षा काही नव्हती, पण चारचौघांत दिलेला शब्द माणूस सहसा मोडत नाही.

ही काही गावठी पद्धत नाही. अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात नेमकं हेच मांडलं आणि त्याला 'लास्ट प्लॅनर' हे नाव दिलं. कामाचा शेवटचा नियोजक म्हणजे ज्याच्या हाताखाली ते काम प्रत्यक्ष होणार तो माणूस. त्याने 'होईल' म्हटलं तरच ते आठवड्याच्या यादीत घ्यायचं. आठवड्याच्या यादीतली साधारण निम्मीच कामं वेळेवर होतात, हे त्यांना साईटवर मोजून दिसलं आणि का होत नाहीत याची कारणं प्रामाणिकपणे लिहिण्यावर त्यांचा सगळा भर होता. टोयोटाच्या कारखान्यात तर लाईनवरचा साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवू शकतो. आपले साहेब लोक परदेशी पद्धतींवरच्या सेमिनारला जातात, परत येताना तिथून फक्त डॅशबोर्ड आणतात. दोरी तिकडेच राहते.

नेतृत्व, नेतृत्व म्हणून हल्ली फार ऐकतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते एक जुने प्रोजेक्ट मॅनेजर होते, पांढऱ्या शर्टातले, मोजकं बोलणारे. ते साईटवर आले की आधी पाण्याचा माठ भरलेला आहे का बघायचे, मग ड्रॉइंग. एकदा मी लेव्हलमध्ये दोन इंच चुकलो आणि भीतीने सांगितलं नाही. त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "चूक दोन इंचाची होती, चार दिवस लपवलीस म्हणून दोन लाखांची झाली. पुढच्या वेळी पहिल्या तासात सांग, मी ओरडणार नाही." आणि ते कधीही ओरडले नाहीत. त्यांच्या साईटवर वाईट बातमी सगळ्यात आधी त्यांच्याकडे पोचायची. आज ती पोचते कुठे? लाल खूण दिसली की माणूस ती हिरवी कशी होईल ते बघतो, काम गेलं उडत. मीही तेच केलंय.

म्हणून मागण्या. फार नाहीत आणि खर्चाच्या तर अजिबात नाहीत.

सोमवारची बैठक परत सुरू करा. डॅशबोर्ड तिथेच भिंतीवर दाखवा, हरकत नाही, पण मशीनने काढलेला आठवडा हा खर्डा असेल आणि टोळीप्रमुखाने मान्य केल्यावरच तो आराखडा होईल. यात्रा, काढणी, टँकर, पाण्याचा दिवस या गोष्टी त्यात भरायला रकाने ठेवा.

ॲपमध्ये 'थांबा' हे तिसरं बटण द्या, मराठी, कानडी, तेलुगू आणि हिंदीत. ज्याला लिहिता येत नाही त्याला बोलून कारण नोंदवता यावं. मिस्त्रीने काम थांबवलं तर जबाबदार इंजिनिअरने जागेवर जाऊन बघावं आणि काम पुन्हा सुरू करायचं असेल तर कारण लिहून स्वतःची सही करावी. टेकू काढणं, खोदाईच्या कडा, परांची, क्रेन या चार बाबतींत तर याशिवाय काम पुढे जाऊच नये. सुरक्षिततेसाठी थांबलेला दिवस टोळीच्या गुणांतून वगळा. आणि 'सिस्टमने सांगितलं' हे उत्तर यापुढे कोणाकडूनही घेऊ नका. महापालिकेच्या कागदावर सही माणसाची लागते, मशीनची चालत नाही.

कॅमेरा धोक्यासाठी वापरा, मजुरीसाठी नको. पगार कापायला चित्रण वापरणार नाही, हे गेटवर लिहून लावा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते तीन हा विसाव्याचा वेळ म्हणून सिस्टममध्येच टाका. सावली, पाणी आणि झोळीला एक धड जागा द्या, मग बायका चौदा असोत की चार.

चेहरा जुळला नाही तर त्याच मिनिटाला कागदी हजेरी घ्या. नोंदवलेल्या चेहऱ्याचं काय करणार ते प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगा, काम सोडून गेला की पुसून टाका. ९० दिवस भरले की दाखला मजुराने न मागता छापून त्याच्या हातात द्या. ही एक गोष्ट तुम्ही उद्या सकाळी करू शकता.

रोजच्या अहवालातले ते पाच पर्याय बदला आणि खरं कारण लिहिणाऱ्या इंजिनिअरला त्याबद्दल बोलणी बसणार नाहीत, असं एकदा लेखी द्या. हे मी माझ्यासाठी मागतोय, लपवत नाही. मागच्या पाच वर्षांतल्या माझ्या नोंदी दुरुस्त करायला मी रविवारी, बिनपगारी, बसायला तयार आहे. डायऱ्या माझ्याकडे आहेत, त्यात बहुतेक दिवसांची खरी कारणं पेन्सिलीने लिहिलेली आहेत.

आणि मामांच्या टोळीचे ते दोन दिवस. मी कार्यालयात तीनदा विचारलं. सिस्टममध्ये तो महिना बंद झालाय, म्हणतात. तो उघडा.

येत्या सोमवारी सकाळी साडेसातला मी शेडमध्ये पुठ्ठा लावणार आहे. परवानगी मागितलेली नाही, हे पत्र तीच समजावी. कोणी येवो न येवो, किटली भरलेली असेल. ज्या साहेबांनी ती एक ओळ ग्रुपवर टाकली होती त्यांनी यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बसायला बाकडं आहे, फक्त एक पाय जरा हलतो.

आपला नम्र,
एक साईट इंजिनिअर
सोलापूर